तीनशे पावलांची रेल्वे

छत्तीस वर्षं रेल्वेत नोकरी करून रेल्वेने एकदाही कुठे न गेलेला माणूस साऱ्या भारतात एकच निघेल, आणि नेमका तोच माझ्या मावशीच्या वाट्याला आला. लोकांचे रेल्वेतले नातेवाईक वर्षाचा पास काढून काशी-रामेश्वर करून येतात, येताना गंगेच्या गडव्या आणतात, आणि पुढचं वर्षभर त्या गडव्यांइतकीच घट्ट बंद केलेली प्रवासवर्णनं आपल्यासमोर उघडतात. आमच्या मावसाजींचा सगळा प्रवास रायपूरच्या छोट्या, म्हणजे नॅरोगेज लाईनीवर, तेलीबांधा तळ्याच्या काठाने, मोजून तीनशे पावलं पुढे आणि तीनशे पावलं मागे. ते शंटिंग जमादार होते. म्हणजे मालगाडी आली की तिचे डबे सोडवायचे, कोणता तांदळाच्या गिरणीकडे आणि कोणता लाकडाच्या डेपोकडे हे ठरवायचं, इंजिनाला हाताने खुणा करत एकेक डबा त्या त्या रुळावर नेऊन लावायचा, आणि संध्याकाळी भरलेले डबे पुन्हा ओळीने जोडून गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. ती गाडी पुढे कुठे जाते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. लांबच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांबद्दल तर त्यांचं मत फारच वाईट होतं. "सरळ रुळावरून कोणीबी नेईन," ते म्हणायचे, "त्याच्यात काय अक्कल लागते?"

या स्थिरतेची कीर्ती लग्नापासूनची. मावशी गोंदियाची. गोंदियाहून रायपूर म्हणजे गाडीत एक डुलकी काढावी इतकंच लांब, पण नवरदेवाला रजा मिळत नाही म्हणून मुलीकडचं वऱ्हाडच मुलगी घेऊन रायपूरला गेलं. आमच्या आजोबांनी भटजी आणि बुंदीच्या लाडवांच्या टोपल्यासुद्धा बरोबर नेल्या होत्या. पुढे दोन वर्षांनी मावशीला कळलं की मावसाजींनी रजेचा अर्ज केलाच नव्हता. हंगामाचे दिवस होते, हिरड्याचे आणि लाखेचे डबे तळ्याकाठी उभे होते, आणि ते तसेच सोडून बोहल्यावर चढणं त्यांच्या मनाला पटलं नाही. सकाळी आठपर्यंत ड्यूटी करून ते मांडवात आले. मंगलाष्टकं संपली, भटजी अंतरपाट काढायला लागले, तर नवरदेवाने डावा हात आडवा धरून त्यांना "हळू, हळू" अशी खूण केली, असं मावशी शपथेवर सांगायची. भटजींनीही अंतरपाट हळूच काढला म्हणे.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि त्या धामधुमीत मला तिथल्या एका विमा कंपनीत नोकरी लागली. ब्राह्मणपारा या मोहल्ल्यातल्या मावशीच्या घरी मी महिनाभरासाठी म्हणून गेले आणि चार वर्षं राहिले. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि मला स्वयंपाक येत नव्हता, त्यामुळे व्यवस्था सगळ्यांना सोयीची होती. मावसाजी नुकतेच रिटायर झाले होते. निदान रेल्वेचं तसं म्हणणं होतं. त्याच्या बऱ्याच आधी माल ट्रकांवर गेला होता, तळ्याकाठची सायडिंग, म्हणजे डबे उभे करायची बंद टोकाची लाईन, गवतात बुडाली होती, आणि शेवटची काही वर्षं मावसाजी नुसतेच छोट्या लाईनीचे प्रवासी डबे पुढेमागे करत होते. आता तेही सुटलं. मग हातात जे आलं ते त्यांनी पुढेमागे करायला घेतलं, आणि त्यांच्या हातात आधी आलं ते घर.

घरात मावसाजी बोलायचे कमी आणि खुणाच जास्त करायचे. जन्मभर इंजिनाच्या आवाजात काम केलेलं, तिथे ओरडून उपयोग नसायचा. मावशी चुलीवरून वरणाचं गरम पातेलं उचलून निघाली की हे तिच्यापुढे पाच पावलं उलटे चालत जायचे, एक हात वर, आणि पाटापाशी आल्यावर दोन्ही हात फैलावून थांबण्याची खूण. मावशी थांबायची. मग एक बोट खाली, की पातेलं खाली. एकदा मी न राहवून म्हटलं, "मावशी, तू कशाला ऐकतेस?" तर ती म्हणाली, "अवं, नाही ऐकलं तं हे शिट्टी वाजवतेत. मंग सारा पारा दारात येऊन उभा राहते." तिचं म्हणणं खरं होतं. शिट्टी त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असायची, आणि ती वाजली की समोरच्या घरातली म्हातारी अजूनही छोटी लाईन आली समजून गाय रुळावरून हाकलायला उठायची. त्या गल्लीत रूळ कधीच नव्हता.

दुसरी गोष्ट ठोकळ्याची. उभा केलेला डबा उतारावरून आपोआप घरंगळू नये म्हणून चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावतात. मावसाजींच्या घरात असे एकोणीस ठोकळे होते, सगळे सागवानी. गॅसच्या सिलिंडरला एक, पाट्याच्या वरवंट्याला एक, आणि शेजारणीच्या नातवाच्या पाळण्यालासुद्धा त्यांनी एक देऊ केला होता. या ठोकळाभक्तीच्या मुळाशी एक कथा होती. मावसाजी नोकरीला लागण्यापूर्वी कोणा जमादाराने ठोकळा लावला नाही, आणि मिठाने भरलेला डबा सायडिंगच्या टोकावरून सरळ तळ्यात गेला. त्यानंतर तीन महिने तेलीबांध्याच्या मासळीला वेगळं मीठ लावावं लागत नव्हतं, असं मावसाजी गंभीर चेहऱ्याने सांगत. मी या कथेला हसायचे. एक दिवस ऑफिसला उशीर झाला म्हणून घाईने स्कूटी काढली, जोरात मूठ पिळली, आणि पुढच्या चाकाखालच्या ठोकळ्यावरून उडून शेजारणीने वाळत घातलेल्या बिजौरीच्या वड्यांच्या चटईवर जाऊन बसले. मावसाजी धावत आले. मला वाटलं, विचारतील कुठे लागलं. त्यांनी ठोकळा उचलून नीट पाहिला, धूळ झटकली आणि म्हणाले, "ठोकळा काढल्याबिगर गाडी हालवाची नसते, बेटा."

मात्र त्यांचं खरं साम्राज्य गल्ली. आमची गल्ली एका बाजूने बंद, टोकाला मंदिराची भिंत. राजधानी झाल्यावर जुन्या घरांमध्ये भाडेकरू आले, भाडेकरूंबरोबर गाड्या आल्या, आणि रोज सकाळी आतल्या माणसाला बाहेर निघायचं असलं की बाहेरच्या सात जणांना दाढीचा साबण तोंडाला लावून गाड्या काढायला यावं लागे. मावसाजींनी आठ दिवस ओट्यावर बसून हे पाहिलं. बंद टोकाची गल्ली म्हणजे सायडिंग, हे त्यांच्या एव्हाना ध्यानात आलं होतं. आत शेवटी गेलेला डबा आधी बाहेर निघतो. म्हणून ज्याला उद्या आधी जायचं, त्याने आज शेवटी आत यावं, एवढंच शास्त्र. नवव्या दिवशी संध्याकाळी ते खडू घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. प्रत्येकाला विचारायचे, "कल कितने बजे?" आणि उत्तर खडूने टायरवर लिहायचे. सव्वासात, पावणेआठ, नऊ. मग हाताच्या खुणांनी एकेक गाडी आत. एका तरुण साहेबाने नव्या कोऱ्या गाडीच्या टायरला खडू लावू द्यायला नकार दिला. "अंकल, ये क्या स्कूल है?" असं काहीसं तो म्हणाला. मावसाजींनी त्याला मंदिराच्या भिंतीला टेकवून लावला आणि त्याच्या पुढे ओळीने सगळ्या दहा वाजताच्या गाड्या उभ्या केल्या. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः खडूचं खोकं घेऊन आला. तेव्हापासून दिवाळीला मावसाजींना मिठाई कमी आणि खडू जास्त मिळतात.

हे सगळं गमतीचं खरं, पण मावशीला त्यातलं एक शल्य होतं, आणि ते ती लपवत नसे. तिला गाडीत बसायचं होतं. कुठे लांब नाही. सायडिंग चालू होती तेव्हा नवऱ्याला जेवणाचा डबा द्यायला ती रोज तळ्याकाठी जायची, तिथून ती धमतरीची गाडी रोज निघताना पाहायची, आणि एकदा नवऱ्याशेजारी खिडकीत बसून त्या गाडीने शेवटपर्यंत जावं एवढंच तिच्या मनात होतं. "बायका विचारतेत, तुमचे हे रेल्वेत, मंग कुठं कुठं जाऊन आल्या? मी म्हणते, तळ्यावर." एवढं म्हणून ती हसायची, पण पोळी जरा जोरात लाटायची. मावसाजींचं उत्तर ठरलेलं, "जाऊ ना. लाईन कुठं पळून चालली?"

आणि एक दिवस लाईन पळून चालल्याचं पेपरात आलं. शहरातले छोट्या लाईनीचे रूळ उखडून तिथे मोठा रस्ता होणार होता. मी तोपर्यंत जवळच स्वतःचं घर केलं होतं; बातमी वाचून मी मावशीकडे गेले. मावसाजी ओट्यावर पेपर गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मावशी आतून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आता तं चालता ना? का रस्ता झाल्यावर पायी नेसान मले?" मावसाजींनी बराच वेळ खडू बोटांत फिरवला. मग उजवा हात वर करून हलवला. म्हणजे चला.

चार दिवस तयारी चालली. रिटायर माणसाला मिळणारा पास त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काढला. पिशवी अर्थातच त्यांनी भरली, त्यांच्या शास्त्राप्रमाणे: जे शेवटी लागणार ते तळाशी, जे आधी लागणार ते वर. सगळ्यात वर पोह्यांचा डबा, मग पाणी, मग मावशीचा चष्मा, आणि मोबाईल काही अडलं तरच लागणार म्हणून अगदी तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून. मी त्यांना पोचवायला तळ्याकाठच्या स्टेशनावर गेले. मावशीने अंजिरी रंगाचं नवं लुगडं नेसलं होतं. मावसाजींनी तिला डाव्या बाजूच्या खिडकीत बसवलं, कारण तळं डाव्या हाताला. शेजारच्या जागेवर तिने आपला रुमाल टाकला, यांच्यासाठी. मग मावसाजी म्हणाले, "जोडणी पाहून येतो जरा," आणि मागच्या डब्याकडे गेले.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तरी माझा अजून विश्वास बसत नाही. इंजिनाने शिट्टी दिली. मावसाजी शेवटच्या डब्याशेजारी जमिनीवर उभे होते. शिट्टी ऐकताच त्यांची पाठ ताठ झाली, उजवा हात वर गेला, आणि गाडी हलली तसे ते तिच्याबरोबर चालू लागले. चढले नाहीत, चालू लागले. वर हात, लांब ढांगा, चेहऱ्यावर एखादं काम नीट झाल्याचं समाधान. मावशीने खिडकीतून हात हलवला. तिला वाटलं, हे मागे चढले. गाडी वेग घेऊन पुढे गेली आणि मावसाजी तळ्याच्या काठाने बरोबर जुन्या सायडिंगच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, रुळाकडे तोंड करून उभे राहिले. मी धावत गेले. "मावसाजी, गाडी गेली."

"गेली नाही," ते शांतपणे म्हणाले, "आता येते मागं."

त्यांच्या हाताखालून छत्तीस वर्षं जे जे इंजिन पुढे गेलं ते तीनशे पावलांवरून परत आलं होतं. गाडीचा शेवटचा डबा वळणाआड गेला तसा त्यांचा हात हळूहळू खाली आला. मी मोबाईल लावला. तो टॉवेलच्या आत, पोह्यांच्या डब्याखाली वाजत राहिला.

मी त्यांना घरी चला म्हटलं. ते आले नाहीत. "मी इथं नाही दिसलो तं थे काय समजन?" एवढंच म्हणाले, आणि फलाटाच्या बाकावर बसले. दुपारी मी डबा नेला, तो त्यांनी उघडला नाही. मला म्हणाले, "बत्तीस वर्षापासून एकच गोष्ट मांगत होती थे. एकच. आन मी थेबी दुसऱ्या गाडीले जोडून देली." मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ते रडले नाहीत, शिट्टी मात्र खिशातून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मला ती कुठे ठेवावी कळेना.

संध्याकाळी ऊन तळ्यावर कलतं झालं तेव्हा गाडी आली. मावसाजी उभे राहिले. मावशी उतरली, हातात पेरूंची पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा असा की मला क्षणभर ओळखू आला नाही. पुढच्या माना स्टेशनावर तिने यांना शोधायला खाली उतरून पाहिलं होतं, तेव्हा गार्ड हसत म्हणाला होता, "जमादार तो वहीं खड़े रह गए, माताजी, सिग्नल दे रहे थे." तिला परत फिरता आलं असतं. पण ती म्हणे मनाशी म्हणाली, निघालीच हाय तं जाऊन येते. मावसाजी तिच्यासमोर उभे राहिले, आणि दिवसभर जे काही जुळवलं असेल ते सगळं विसरून म्हणाले, "मले वाटलं, परत येते."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. "मंग," ती म्हणाली, "आली ना." मग पदरातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. "तुमची जागा मी कोणाले देली नाही. जातानी बी, येतानी बी. एक बाई भांडली माह्याशी."

त्यानंतर रोज संध्याकाळी, गाड्या आत लावून झाल्या की, ओट्यावर मावशीची गाडी निघायची. मावसाजी विचारायचे आणि ती सांगायची. मान्याला किती वेळ थांबली, अभनपूरला कोण चढलं, कुरूदला पेरूवाली कोणत्या झाडाखाली बसली होती, धमतरीचा चहा किती गोड होता. तिला ज्याचं कौतुक ते ती सांगायची, आणि यांना ज्याची काळजी ते हे विचारायचे, की इंजिन फिरवून लावताना धक्का जोरात बसला का. पुढच्या महिन्यात दोघांनी पुन्हा जायचं ठरलं होतं. पुढच्या महिन्याच्या आत लाईन बंद झाली. आणि त्याच्या तीन वर्षांनी मावशी गेली, फारसं आजारी न पडता, एका सकाळी. तेराव्यापर्यंत गल्लीतल्या गाड्यांना कोणी खडू लावला नाही. सगळे आपापल्या गाड्या बाहेरच्या रस्त्यावर ठेवत होते, कोणी न सांगता.

मध्यंतरी मी मावसाजींना म्हटलं, नव्या रस्त्याने माझ्या गाडीतून धमतरीला जाऊन येऊ. ते हो म्हणतील असं वाटलं नव्हतं. ते मागे बसले, डाव्या खिडकीत. मी जेवणाची पिशवी त्यांच्या शेजारी ठेवली तर त्यांनी ती उचलून पुढे माझ्या बाजूला दिली, खिशातून रुमाल काढला आणि त्या जागेवर नीट पसरला. मी आरशात पाहिलं आणि गाडी सुरू केली. तळं डावीकडे आलं तेव्हा म्हणाले, "हे तळं. इथं तिनं हात हालवला." रूळ कुठेच नव्हते, पण त्यांनी एकही स्टेशन चुकवलं नाही. माना, केंद्री, अभनपूर, सगळी मावशीच्या शब्दांत. कुरूदला रस्त्याच्या कडेला एक बाई पेरू विकत होती, तर त्यांनी थांबण्याची खूण केली आणि उतरून झाड बघितलं. "चिंचेचं म्हणाली होती," ते म्हणाले, "हे तं कवठाचं हाय." तरी पेरू घेतले. धमतरीला चहा प्यायलो. गोड होता.

परतल्यावर गल्लीच्या तोंडाशी ते उतरले, मला हाताने आत घेतलं, पुढच्या चाकाखाली ठोकळा लावला आणि खडू काढून विचारलं, "उद्या कितीले?" मी वेळ सांगितली. मागच्या सीटवर रुमाल तसाच पडला होता, मी तो उचलून त्यांना द्यायला लागले.

"राहू दे," मावसाजी म्हणाले. "जागा धरली हाय."

तो रुमाल अजून माझ्या गाडीत आहे. मागे कोणी बसायला लागलं की मी त्याला पुढे बोलावते.